आईचा पुसलेला चेहरा

१

रविवारी सकाळी चंदरने चित्रावरचं कापड उचललं आणि ते तसंच हातात धरून तो उभा राहिला.

मागे आपलं इझल लावत असलेल्या मृणालिनीताईंना आधी काही कळलं नाही. मग त्यांनी मान वळवली. चित्रातली माणसं जागच्या जागी होती. मृत येशूला उचलून थडग्याकडे नेणारे दोन पुरुष, त्याचा लोंबणारा हात, पायाशी वाकलेली तरुण बाई. फक्त मध्ये उभ्या असलेल्या आईला चेहरा नव्हता. डोक्यावरच्या वस्त्राच्या आत, डोळे आणि तोंड असायला हवं तिथे, एक तपकिरी डाग उरला होता.

हा वर्ग मार्तंड राजाध्यक्ष सरांचा. १९८६ साली बोरिवलीत वजिरा नाक्याच्या आसपास अजून काही जुनी एकमजली घरं शिल्लक होती. त्यातल्या एका घराच्या वरच्या खोलीत सर तैलरंग शिकवायचे. त्यांची पद्धत एकच. पाचशे वर्षांपूर्वीच्या एका इटालियन चित्राची छापील प्रत भिंतीवर लावलेली असे आणि विद्यार्थ्याने त्याची नक्कल करायची. आधी चौकटी पाडून रेखाटन, मग कित्येक महिने नुसत्या तपकिरी रंगात उजेड आणि सावली. तो थर पुरता वाळला की मगच रंग, आणि तेही चारच: पांढरा, पिवळी माती, गेरू आणि काळा. कोणी निळा मागितला की सर म्हणायचे, "काळ्यात पांढरा मिसळ, शेजारी गेरू ठेव. डोळा आपोआप निळा बघेल."

चंदर गोराईचा कोळी, काकाच्या बोटीवर जाणारा, पंचविशीच्या आतला. दोन वर्षं तो हे एकच चित्र करत होता. छापील प्रतीत आईचा चेहरा नीट दिसत नव्हता, म्हणून सरांच्या सांगण्यावरून त्याने स्वतःच्या आईला, पुतळाबाईला, समोर बसवून तो चेहरा केला होता. तीन आठवड्यांपूर्वी काम पुरं करून तो बोटीवर गेला, तेव्हा वर्गातले सगळे आपापलं काम सोडून त्या चेहऱ्यासमोर येऊन उभे राहिले होते. पुढच्या रविवारी एका कलासंस्थेची मंडळी चित्र बघायला यायची होती. त्यांना पसंत पडलं असतं तर चंदरला शिष्यवृत्ती मिळून पूर्ण वेळ शिकता आलं असतं.

सर खुर्चीत बसले होते. त्यांची मुलगी उत्तरा दाराशी उभी होती. सर एवढंच म्हणाले, "आज वर्ग नको."

"काल दुपारी तुझी आई आली होती," अनुपमा हळूच म्हणाली. ती वर्गातली सगळ्यात लहान मुलगी, नुकतीच कॉलेज संपवलेली. "मी माझे ब्रश न्यायला आले होते ना, तेव्हा फाटकातून बाहेर पडताना दिसली. तोंडावर पदर होता."

चंदरने कापडाची नीट घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली.

"मग झालं," तो म्हणाला. "कोणी केलं ते मला कळलं. माझ्या आयनं केलं."

२

मृणालिनी कोठारे दहिसरला नदीजवळच्या सोसायटीत एकट्या राहत. नोकरी सरकारच्या हस्ताक्षर-तपासणी कार्यालयात झाली होती. खऱ्या-खोट्या सह्या ओळखण्यात जन्म गेला आणि निवृत्तीनंतर त्या चित्रकला शिकायला आल्या. अजून त्या तपकिरी थरातच होत्या, आणि त्यांनी काढलेले हात केळ्याच्या फण्यांसारखे दिसत, हे त्या स्वतःच सांगायच्या.

चंदर जिना उतरून गेला तशा त्या त्याच्यामागे फाटकापर्यंत गेल्या.

"आई असं का करेल रे?"

"तिला हे चित्र पहिल्यापासून नको होतं. म्हणायची, पोराच्या मढ्याशेजारी मला उभी नको करू. दर्यावर जाणाऱ्या पोराला असलं नाय लागत." तो रस्त्याकडे बघत बोलत होता. "बसली माझ्यासाठी. पण मनातून नव्हतं. बाबा बुडाला ना आमचा."

"तू विचारलंस तिला?"

"काय विचारायचं? काकाची मोठी बोट गुजरातकडे चाललीय. जातो मी. कशाला शिकायचं आणि कोणासाठी."

"बुधवारपर्यंत थांब," ताई म्हणाल्या. "एवढं ऐक माझं."

तो फाटक ओढून घेऊन रस्त्याला लागला.

ताई परत वर आल्या तेव्हा खोली रिकामी होती. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि पर्समधलं भिंग काढलं. सवय सुटली नव्हती.

पुसण्याचं काम विचित्र होतं. रागाने केलेलं असतं तर कॅनव्हास फाटला असता, ओरखडे शेजारच्या वस्त्रावर गेले असते. इथे हात अगदी वस्त्राच्या कडेपर्यंत जाऊन थांबला होता. तेलरंग विरघळवणाऱ्या टर्पेंटाइनने पुसलं होतं, ते भरपूर वापरलं होतं, पण एक ओघळसुद्धा खालच्या माणसांवर आला नव्हता. पुसणाऱ्याने दुसऱ्या हाताने खाली फडकं धरलेलं असणार. ज्याला चित्र नासवायचं आहे तो अशी काळजी का घेईल?

कानाजवळ, वस्त्राच्या घडीत, पुसायचा राहिलेला रंगाचा एक पट्टा होता. ताईंनी त्याला करंगळी लावली.

करंगळीला रंग लागला.

त्या थबकल्या. चंदरचा रंग तीन आठवड्यांचा होता. शेजारचं वस्त्र, त्याच दिवसांत रंगवलेलं, त्यांनी चाचपून पाहिलं. कोरडं. आणि हा पट्टा ओला. त्यांनी करंगळी खिडकीच्या उजेडात धरली. रंग राखाडी नव्हता, काळ्या-पांढऱ्याच्या मिश्रणातून येतो तसाही नव्हता. तो सरळ सरळ निळा होता, ट्यूबमधला निळा, या वर्गात कोणाकडेच नसलेला.

म्हणजे चेहरा पुसला गेला ही गोष्ट अर्धीच होती. पुसण्याच्या आधी एक-दोन दिवसांत कोणीतरी चंदरच्या चेहऱ्यावर दुसरा चेहरा रंगवला होता.

३

सोमवारी दुपारी ताई सरांकडे गेल्या. सर वर खिडकीशी बसले होते. त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"या, मृणालिनीबाई. हळदी रंग शोभतो हो तुम्हाला."

ताईंच्या अंगावर नेहमीची पांढरी साडी होती. आता दुरुस्त काय करायचं, म्हणून त्या नुसत्या हसल्या.

"उत्तरा, या काचा पुसून घे गं. फार मळल्यात."

"कालच पुसल्यात, बाबा," चहा घेऊन आलेली उत्तरा म्हणाली. ती शाळेत शिकवायची, पस्तिशीची होती. आई गेल्यापासून घर तीच बघत होती.

"सर, चंदरचं चित्र तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?"

सरांनी कप बशीत ठेवला.

"शिक्षकाने विद्यार्थ्याच्या चित्राला हात लावू नये," ते म्हणाले. "माझे गुरुजी म्हणायचे. हात लावला की ते चित्र दोघांचंही राहत नाही."

ताईंनी हात लावण्याबद्दल विचारलंच नव्हतं. त्यांनी चहा संपवला आणि कप ठेवायला म्हणून उत्तरामागे खाली आल्या. वर जाणारा लाकडी जिना स्वयंपाकघरातूनच होता आणि प्रत्येक पायरी करकरत होती.

"शनिवारी तू घरी होतीस?"

"होते की. दुपारी पुतळाबाई कोलंबी देऊन गेली. चित्र बघते म्हणाली, म्हणून वर पाठवलं. मी कोलंबी सोलत होते, मला काही कळलं नाही."

"आणि ती गेल्यावर कोणी वर गेलं?"

"अनुपमा, ब्रश न्यायला. दुसरं कोणी नाही," उत्तरा म्हणाली आणि आधीच स्वच्छ असलेला ओटा पुसू लागली.

अनुपमा नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानाबाहेर भेटली. तिने आडपडदा ठेवला नाही.

"मला माहितेय ताई, सगळ्यांना माझा संशय येणार. शिष्यवृत्तीला माझं पण नाव आहे ना. हेवा वाटतो मला त्याचा, खोटं कशाला बोलू? पण मी तो चेहरा बघूनच शिकत होते. गालाचं हाड कसं वळवायचं ते तिथे दिसायचं. तो पुसला तर मी बघू काय?"

"शनिवारी तू वर गेलीस तेव्हा चित्र पाहिलंस?"

"कापड होतं. पण ताज्या रंगाचा वास येत होता, हे नक्की. मला वाटलं सर स्वतःचं काही करतायत. बरं वाटलं. किती वर्षांत त्यांनी ब्रश धरला नाही." ती थोडी थांबली. "ताई, पुतळाबाईचं नाव मी उगाच घेतलं का? ती रागात नव्हती दिसत. घाबरलेली दिसत होती."

४

मंगळवारी ताई मासळी बाजारात गेल्या. पुतळाबाई सरंग्याच्या वाट्यामागे बसली होती. सकाळचं गिऱ्हाईक ओसरलं होतं. ताईंनी आपण वर्गातल्या आहोत असं सांगितल्यावर तिने हात धुतले आणि पाट पुढे सरकवला.

"पोरगा जेवत नाय घरात," ती म्हणाली. "काकाकडे झोपतो."

"त्याला वाटतं तुम्ही चेहरा पुसलात."

"हां. पुसला."

"तुम्ही?"

"मीच. मला नको होता तो. अपशकुन."

ताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, रुंद कपाळाची बाई. चंदरने ते कपाळ फार सुंदर पकडलं होतं.

"कशानं पुसलात?"

"कशानं म्हंजे? पाण्यानं. ओलं फडकं घेतलं नि पुसला."

"पुतळाबाई, तो तेलाचा रंग. पाण्याने त्याचा कणही निघत नाही."

पुतळाबाईने एक सरंगा उचलला, उलटा केला, पुन्हा ठेवला.

"तुमचा मुलगा तुमच्याशी बोलत नाही," ताई म्हणाल्या. "उद्या तो बोटीवर जाईल. न केलेली गोष्ट तुम्ही अंगावर का घेताय?"

"मास्तरांनी माज्या पोराला पोटच्या पोरासारखा शिकवला. पावसाळ्यात होडी बंद असली तर घरात ठेवून घेतला. मी अजून काय नाय सांगणार."

"कोणी केलं ते नका सांगू. फक्त एवढं सांगा. तुम्ही पाहिलात तेव्हा तो चेहरा कसा दिसत होता?"

शेजारच्या कोळणीने हाक मारली, तिला पुतळाबाईने हातानेच थांबवलं.

"निळा," ती शेवटी म्हणाली. "आमचे मालक सापडले ना तिसऱ्या दिवशी, किनाऱ्याला. तसा. माजंच तोंड, नि बुडालेल्या माणसाचा रंग."

५

त्या संध्याकाळी ताई गच्चीवरच्या खुर्चीत बसून विचार करत होत्या. कानाजवळच्या त्या ओल्या पट्ट्याकडे त्यांचं मन सारखं जात होतं. निळ्या रंगाने त्यांना इतकं चकवलं होतं की पट्टा ओढला कसा होता, याचा त्यांनी विचारच केला नव्हता.

खोटी सही ओळखण्याची पहिली खूण त्यांना नोकरीच्या सुरुवातीलाच शिकवली होती. खोटं करणारा हात वाट विचारत विचारत जातो, खरा हात वाट ठाऊक असल्यासारखा जातो. तो पट्टा जबड्याच्या हाडावरून कानामागे एका दमात गेला होता, कुठेही न थांबता, नेमका जिथे वळायला हवा तिथे वळून. वर्गातल्या कोणाचीही ती ताकद नव्हती. चंदरचीही अजून नव्हती. हात उस्तादाचा होता.

आणि रंग मात्र असा की उस्तादाने कधी लावला नसता.

या दोन गोष्टींचा मेळ लागत नव्हता. मग त्यांना वाटलं, हात एकाचा आणि रंग दुसऱ्याचा असेल तर? पण दुसरं माणूस नव्हतंच. हात आणि डोळे एकाच माणसाचे होते. हात शाबूत होता. डोळे नव्हते. हळदी साडी, मळलेल्या काचा, आवाजावरून ओळखणं, हे सगळं मग आपोआप जागेवर बसलं.

बुधवारी शाळा सुटल्यावर उत्तरा घरी येईल त्या वेळेला त्या पोचल्या. उत्तराने त्यांना बघितलं आणि न विचारता स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"मोतीबिंदू ना?" ताईंनी हळू आवाजात विचारलं.

उत्तरा स्टुलावर बसली.

"दोन्ही डोळ्यांत. गेली दोन वर्षं वाढतोय. त्यांना सगळं पिवळं दिसतं. डॉक्टरांकडे यायला तयार नाहीत. माझ्या काकांची दृष्टी ऑपरेशननंतर गेली, त्याची धास्ती आहे. तुम्हाला कसं कळलं?"

"रंगावरून तुझे बाबा, आणि पुसण्यावरून तू. चित्रकार असता तर त्याने वरचा ओला रंग सुक्या फडक्याने टिपून घेतला असता, खालचा चंदरचा चेहरा वाचला असता. अनुपमालाही एवढं येतं. तू टर्पेंटाइन ओतलंस, त्याने खालचाही गेला. पण दुसऱ्या कोणाच्या अंगावर थेंब पडू दिला नाहीस. म्हणजे ज्याला चित्र जपायचं आहे, पण चित्र येत नाही, असं माणूस. आणि जिना तुझ्या ओट्याशेजारून जातो."

उत्तराच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती शांतपणे बोलली.

"शुक्रवारी मी शाळेत असताना त्यांनी ते केलं. चंदरचा चेहरा त्यांना काविळीसारखा पिवळा दिसला असणार. संस्थेची माणसं येणार, म्हणून त्यांनी गुपचूप सुधारून ठेवला, आपल्या जुन्या पेटीतला निळा घालून. शनिवारी पुतळाबाई वर गेली आणि पांढरीफटक होऊन खाली आली. बाबा खाली झोपले होते, मी वर जाऊन पाहिलं. ताई, प्रेताचा चेहरा होता तो. रविवारी सगळ्यांनी पाहिला असता तर बाबांचं काय उरलं असतं? मी पुतळाबाईच्या पाया पडले, कोणाला सांगू नको म्हणून. अनुपमा ब्रश घेऊन गेली तशी मी पुसायला घेतलं. मला वाटलं, वरचाच रंग जाईल. तो चेहरा माझ्या फडक्यात उतरत गेला आणि मला थांबताच येईना."

"आणि चंदर आईशी बोलेनासा झाला तेव्हा?"

"रोज ठरवते, आज सांगायचं. बाबांना कळलं तर ते पुन्हा ब्रश धरणार नाहीत. चंदरला कळलं तर तो बाबांकडे कधी तसा बघणार नाही."

जिन्याची पायरी करकरली. दोघींनी वर पाहिलं. सर वरून चौथ्या की पाचव्या पायरीवर कठड्याला धरून उभे होते. किती वेळ ते तिथे होते कोण जाणे.

"मृणालिनीबाई," ते म्हणाले, "परवा तुम्ही कुठल्या रंगाची साडी नेसला होतात?"

ताईंना खोटं बोलावंसं वाटलं. त्या बोलल्या नाहीत.

"पांढरी, सर."

सर सावकाश पायरीवरच बसले.

"मला वाटायचं, बोरिवलीचा उजेडच बदललाय," ते म्हणाले. "इतक्या इमारती झाल्या, धूळ वाढली. संध्याकाळसारखं दिसतं दिवसभर. आपल्या डोळ्यांवर संशय घ्यायचं माणसाच्या मनातच येत नाही." मग थोड्या वेळाने, "चंदरला मी सांगेन. मला वाटत होतं, माझा हात लागलेला बघून रागाने त्यानेच तो पुसला, आणि मला झाकायला आईचं नाव घेतलं. आणि मला ते बरोबरच वाटलं होतं. म्हणून मी गप्प राहिलो. गप्प राहून मी त्याच्या आईला दोषी होऊ दिलं."

"बाबा, तुम्ही बसा. मी जाते त्याच्याकडे."

"नको. चूक माझी. तू फक्त माझा हात धर. खाडी ओलांडताना होडीत चढायचं मला दिसणार नाही."

६

ते तिघं गोराईला पोचले तेव्हा चंदर काकाच्या बोटीवर बर्फाच्या पेट्या चढवत होता. सरांना किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत चाचपडत येताना पाहून त्याने पेटी खाली ठेवली आणि तो गुडघाभर पाण्यातून चालत आला.

सरांनी सगळं सांगितलं. स्वतःला सांभाळून घेण्यासारखं एकही वाक्य त्यांनी वापरलं नाही. चंदर ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याने सरांच्या हातातली चप्पल घेतली आणि स्वतःच्या हातात धरली.

"तुम्ही जबडा कानामागे नेलात तो पट्टा मी पाहिला होता," तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं, माझाच. रंगाकडे लक्षच गेलं नाही. आणि मला आश्चर्य वाटलं, आपल्याला हे कधी जमलं."

"जमेल," सर म्हणाले. "तीन दिवस आहेत."

चंदर बोटीवर गेला नाही. रविवारी संस्थेची मंडळी आली तेव्हा आईच्या चेहऱ्यावरचा रंग ओला होता आणि त्यांना दोन पावलं लांब उभं राहून बघावं लागलं. कोणीतरी विचारलं, बाकी सगळं वाळलेलं असताना हाच भाग ओला कसा? सर म्हणाले, "पहिला मी बिघडवला. हा त्याने पुन्हा केला." शिष्यवृत्ती चंदरला मिळाली. अनुपमाला मिळाली नाही, आणि ती आठवडाभर वर्गाला आली नाही, मग आली. सरांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन त्याच महिन्यात झालं. जाड भिंगाचा चष्मा लागला. दुसऱ्या डोळ्याला ते अजून तयार नव्हते.

पण हे सगळं नंतरचं. गुरुवारी दुपारी वरच्या खोलीत चंदर आणि पुतळाबाई दोघंच होते. मृणालिनीताई कोपऱ्यात आपलं तपकिरी काम करत होत्या, पण त्यांच्याकडे त्या दोघांचं लक्ष नव्हतं. पुतळाबाई खिडकीशी बसली होती, पदर डोक्यावरून घेऊन, चित्रातल्या आईसारखी मान किंचित कलती करून. चंदरने पिवळी माती आणि गेरू पॅलेटवर काढले. पांढरा काढला. मग ब्रश तसाच हातात धरून तो तिच्याकडे बघत राहिला.

"आय," तो म्हणाला, "तू नव्हतं केलं, तर त्या दिवशी मला सांगितलं का नाही?"

पुतळाबाईने मान हलवली नाही. बसायचं म्हणजे हलायचं नाही, हे ती आता शिकली होती.

"तू इचारलं कुठं?" ती म्हणाली. "तू त येऊन सांगितलंस, 'आय, तूच केलंस' म्हणून."

चंदरने ब्रश खाली ठेवला. जरा वेळाने पुन्हा उचलला.

"उजेड जाईल," पुतळाबाई म्हणाली. "कर आता."

त्याने पहिला रंग कपाळावर लावला.